उकळी येईपर्यंत

तागडीने दुकानात चहा करणं बंद केलं, त्याला आता बराच काळ झाला. विचारलं तर पित्ताचं कारण सांगतो. खोटं आहे. त्याला पित्त कधी नव्हतं. पित्त त्याच्या बायकोला, आणि तेही याच्याशी संसार करून करून झालेलं. किटली अजून माळ्यावर आहे, वर्तमानपत्रात गुंडाळलेली. दुसऱ्याच्या माळ्यावर काय आहे ते मला कसं ठाऊक, असं विचारू नका. ज्याच्या दुकानातल्या बाकावर माणूस इतकी वर्षं फुकट बसला, त्याच्या माळ्याची माहिती तरी त्याने ठेवायला नको का?

तागडी हे त्याचं खरं नाव नव्हे. गल्लीने ठेवलेलं, आणि गल्ली नावं ठेवण्यात कधी चुकत नाही. दोन वस्तू समोर आल्या की त्या तोलून पाहिल्याशिवाय या माणसाला चैन पडत नसे. दोन छत्र्या घ्यायच्या, दोन्ही नळाखाली धरायच्या. दोन कुलुपं आणायची, दोन्ही खिळ्याने उघडून बघायची. गल्लीत जुन्या न्हाव्याच्या समोर नवा न्हावी आला, तेव्हा याने डोक्याची डावी बाजू एकाकडून कापून घेतली, उजवी दुसऱ्याकडून, आणि तसाच हिंडत राहिला. कुठली बाजू जास्त दिवस नीट राहते ते बघायचं होतं म्हणे. तेवढे दिवस त्याची बायको रस्त्याने त्याच्या डाव्या हाताला चालायची, कारण उजवी बाजू बघवत नव्हती. ती म्हणायची, "लग्नाच्या वेळी माझ्या शेजारी यांनी कोणाला उभं करून पाहिलं होतं, ते तेवढं मरायच्या आधी कळू दे."

दुकान कॉम्प्युटरचं. विकणं आणि दुरुस्ती, दोन्ही. एका बाजूला चष्मेवाला, दुसऱ्या बाजूला शिंपी, मध्ये हा. काउंटरवर निळं मेणकापड, कान तुटलेल्या कपात स्क्रूड्रायव्हर, धूळ झाडायला रंगाऱ्याचा ब्रश, आणि भिंतीला उघड्या पोटाची मशीनं रांगेने. दाराजवळ आमचा बाक. गिऱ्हाईक नसलं की आम्ही तिघे-चौघे, आणि असलं की त्याच्यासकट.

कारण गिऱ्हाईक आलं की तमाशा असायचा. माणूस दोन मशीनांमध्ये अडकला, हे घेऊ की ते, की तागडी एक शब्द बोलत नसे. दोन्ही मशीनं काउंटरवर शेजारी-शेजारी मांडायचा आणि दोघांना एकच काम द्यायचा: टेबलावर काचेचा पेला, पेल्यात पाणी, खिडकीतून ऊन. ते चित्र, उन्हाच्या कवडशासकट, मशीनने स्वतः हिशेब करून रंगवायचं. दोन्हीकडे एकदम बटण दाबायचं आणि त्याच क्षणी चहाची किटली चालू करायची. उकळी आली की शर्यत संपली. तोवर ज्याचं चित्र पुढे, ते मशीन चांगलं. मग निकाल लागायचा, चहा मिळायचा, आणि गिऱ्हाईक जिंकलेलं मशीन उचलून जायचं. चष्मेवाला डोळे झाकून नव्या मशीनच्या बाजूने आणि शिंपी मोठ्या मशीनच्या बाजूने, असे बिस्किटांवर डाव लागायचे. शिंप्याची बिस्किटं फार गेली. का गेली, ते पुढे येईल.

किटलीच्या निकालावर कोणी शंका घेत नसे. लांबलांबून लोक यायचे. "किटलीवर लावून दाखवा" म्हणायचे.

आता धाकटीकडे येतो, कारण गोष्ट खरी तिची आहे.

धाकटी म्हणजे तागडीची बहीण. बाप लवकर गेला, तेव्हा हा नुकता मिशा फुटलेला आणि ती शाळेत. तिची फी, तिची सायकल, तिचा पहिला चष्मा, सगळं यानेच पाहिलं. तिच्या लेखी दादाचा शब्द म्हणजे शेवटचा. ती घरं काढायची. म्हणजे नुसती कागदावर नाही. जे घर अजून बांधलेलंच नाही, त्याच्यात हिंडवून आणायची. पडद्यावर दार उघडायचं, तुम्ही आत जायचा, जिना चढायचा, खिडकीशी उभे राहायचा, आणि बाहेरच्या झाडाची सावली जमिनीवर पडलेली दिसायची. एका ड्रॉइंग ऑफिसात ती बरीच वर्षं दुसऱ्यांच्या नावाने हेच करत होती. शेवटी तिने ठरवलं, आता आपल्या नावाने करायचं. चष्मेवाल्याच्या वरची अरुंद खोली बघून ठेवली. पाटी कशी असावी तेही ठरवलं. पाटीवरची अक्षरं तिने स्वतः काढली होती, मला दाखवली होती. सुरेख होती.

आणि तिला काम मिळालंही. एका म्हाताऱ्या आर्किटेक्टने गावाच्या नव्या वाचनालयाचा आराखडा केला होता. समितीसमोर तो मांडायचा होता, आणि समितीला नकाशे कळत नव्हते. म्हणून त्याने धाकटीला सांगितलं, मला आत हिंडवणारी फिल्म करून दे. समितीला पटली, तर पुढचं सगळं काम तुझं. तिची पाटी लागणार की नाही, ते या एका फिल्मवर होतं.

त्यासाठी तिला स्वतःचं मशीन हवं होतं. ते घ्यायला ती दादाकडे आली, आणि कुठलं घ्यायचं तेही मनात ठरवून आली. तिला हवं होतं कपाट.

कपाट हे नाव आमचं. बंद पडलेल्या कुठल्या इंजिनिअरिंग ऑफिसातून आलेलं ते वर्कस्टेशन होतं, काळं, अवजड, चालू केलं की पाण्याच्या पंपासारखा एकसुरी आवाज करणारं. आतला प्रोसेसर काही वर्षांपूर्वीचा. त्याच्या डोक्यावर तांब्याच्या नळ्यांचा आणि पत्र्यांचा विटेएवढा ठोकळा, नुसता गरमी ओढून घ्यायला. तागडीने त्याच्यासमोर मांडला एक नवा कोरा लॅपटॉप, वहीसारखा पातळ, त्याच्यात त्या वर्षीचा प्रोसेसर.

मला यातलं जे कळलं ते तागडीनेच कधीकधी समजावलेलं. तो म्हणायचा, काका, प्रोसेसर म्हणजे आत बसलेले कामगार समजा. लॅपटॉपमधले थोडे, पण तरणे. हाक मारली की धावत सुटतात. वर्कस्टेशनमधले पुष्कळ, पण बेताच्या चालीचे. आता पाणी भरलेल्या एका पेल्याचं चित्र ते काय! त्याची तयारी एकटा कामगार करणार, बाकीचे बघत उभे राहणार, आणि शेवटी सगळ्यांनी हात लावेपर्यंत चहा उकळणार. त्यामुळे किटलीवर तरणा जिंकायचा. हे त्याला माहीत होतं, बरं का. माहीत होतं, पण त्याचा अर्थ काय, ते कधी त्याच्या मनात आलं नाही. रोजच जिंकणाऱ्याकडे बघून कोणाला शंका येते?

त्या दिवशी बाक भरलेला होता. बहिणीचं मशीन म्हटल्यावर तागडीने किटलीसुद्धा घासून आणली होती. बटणं दाबली गेली. लॅपटॉपवर पेला भराभर रंगायला लागला. कपाट घुमत होतं.

धाकटी म्हणाली, "दादा, माझं काम असं नसतं. माझी एक फिल्म म्हणजे हजारो चित्रं. मशीन दिवसच्या दिवस चालू राहतं."

"थांब, उकळी येतेय," तागडी म्हणाला.

उकळी आली. लॅपटॉपचा पेला पुरा झाला होता, त्यातल्या पाण्यात ऊन चमकत होतं. कपाटाचं ऊन अजून खिडकीतच होतं. चष्मेवाल्याने शिंप्याची बिस्किटं उचलली. धाकटीने कपाटाकडे एकदा पाहिलं. मी तिला म्हणालो, तुला काळं आवडत असेल तर लॅपटॉपला काळं कव्हर घाल. सगळे हसले, तीही हसली, आणि लॅपटॉप घेऊन गेली. दादाने सगळ्यांसमोर घासूनपुसून दिलेली वस्तू नको म्हणायची तिची छाती नव्हती.

त्याच सुमारास समोर नवं दुकान उघडलं. काचेची दारं, आत गारवा, गणवेशातली पोरं. तागडीची झोप उडाली. त्याच्याकडे काच नव्हती, गारवा नव्हता, होती ती फक्त किटली आणि तिची पत. म्हणून तो रोज दुपारी, गिऱ्हाईक असो नसो, शर्यत लावायला लागला. अशाच एका दुपारी धाकटी आली आणि गर्दीच्या कडेला उभी राहून हळूच म्हणाली, की मशीन सुरुवातीला छान पळतं, मग तापतं आणि त्याची चाल पडते. तागडी दुसऱ्याच मशीनांची बटणं दाबत होता. मान वर न करता म्हणाला, नवीन आहे, रुळेल. ती थोडा वेळ थांबली. मग गेली.

पुढे तिने काय काय केलं ते मला तागडीच्या बायकोने सांगितलं, कारण ती नणंदेला डबा द्यायला जायची. धाकटीने मशीन टेबलावरून काढून गार फरशीवर ठेवलं. मग खाली लोखंडी जाळी घातली. मग पंखा आडवा करून त्याच्या पोटाशी लावला आणि स्वतः घामाने निथळत बसली. तिच्याजवळ राहणाऱ्या आईने विचारलं, की पंखा माणसांसाठी असतो ना? तर म्हणाली, याला ताप आहे. मशीन पातळ, आत हवा खेळायला जागा नाही. तरणे कामगार गरमीने कासावीस झाले की जळून जाऊ नये म्हणून आपणहून पाय ओढायला लागतात, आणि मग दिवसभर पाय ओढतच राहतात. आता थोडी चित्रं कमी कर, सावल्या काढून टाक, असं तिला कोणीतरी सुचवलं. ती म्हणाली, सावल्याच तर दाखवायच्या आहेत.

समितीचा दिवस आला. फिल्म पुरी झाली नव्हती. पडद्यावर वाचनालयाचं फाटक आलं, पायऱ्या आल्या, जिना आला, वरच्या वाचन-दालनाचं लाकडी दार आलं. दार उघडलं, आणि आत काळोख. तिथपर्यंतच झालं होतं. समितीतले एक गृहस्थ म्हणाले म्हणे, दिवे नाहीत का आत? लोक हसले. म्हातारा आर्किटेक्ट सभ्य माणूस. तिला काही बोलला नाही. पण आराखडा दुसऱ्याचा पसंत झाला आणि हिचं काम गेलं.

ती तडक दुकानात आली. हे मात्र मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय. काउंटरशी दोन गिऱ्हाइकं उभी होती, आणि समोरच्या काचेच्या दुकानाचा मालक नेमका पायरीवर येऊन इकडे कान लावून उभा होता. धाकटीने लॅपटॉप मेणकापडावर ठेवला आणि म्हणाली, "दादा, मशीन तापतं आणि बसतं. माझी फिल्म अर्धी राहिली."

तागडीने आधी गिऱ्हाइकांकडे पाहिलं, मग रस्त्यापलीकडे पाहिलं, मग तिच्याकडे.

"मशीन सगळ्यांच्या देखत जिंकलेलं आहे," तो म्हणाला. "तुझाच हात हळू आहे, त्याला मशीन काय करणार?"

ती काही भांडली नाही. त्याच्या तोंडाकडे बघून म्हणाली, "असेल."

एवढंच. असेल म्हणाली आणि गेली. समोरचा मालक आत गेला. गिऱ्हाइकांनी मशीन घेतलं.

आता गल्लीचं तुम्हाला माहीत आहे. चांगलं अक्षर कोणी लक्षात ठेवत नाही, हळू हात सगळे लक्षात ठेवतात. संध्याकाळपर्यंत ते शिंप्याच्या दुकानात शिवून तयार होतं. धाकटीचा हात हळू. चित्रं बरी काढते, पण हात हळू. धाकट्या बहिणीसाठी याने एवढं केलं, पण हातच हळू, काय करणार! आणि गंमत अशी, की कोणी विचारलं तर ती स्वतःच तसं सांगायची. खोलीचं काय झालं? नाही जमलं, माझा हात हळू आहे. चष्मेवाल्याच्या वरची खोली एका दातांच्या डॉक्टरला गेली. धाकटीने दुसऱ्या गावी फरशीच्या एका मोठ्या दुकानात नोकरी धरली. जाताना आईला बरोबर घेऊन गेली आणि लॅपटॉप दादाच्या काउंटरवर ठेवून गेली. तागडी त्याच्यावर बिलं करायला लागला. बिलं फार झटपट व्हायची.

वर्षं गेली. किती ते सोडा.

एक दिवस खाणीच्या ऑफिसातला एक माणूस आला. डोंगराचे वरून काढलेले ढीगभर फोटो जोडून त्याला एक नकाशा करायचा होता. कुठल्या मशीनवर लवकर होईल, ते त्याला बघायचं होतं. नमुना म्हणून त्याने सगळेच फोटो आणले होते. तागडीने विक्रीला असलेलं कपाट काढलं, समोर बिलांचा लॅपटॉप ठेवला. कपाट कोणी नेलंच नव्हतं. किटलीवर हरलेलं मशीन कोण नेणार! दोन्हीवर काम चालू केलं, किटली लावली. उकळी येईपर्यंत लॅपटॉप चांगला पुढे. चहा झाला. खाणवाला म्हणाला, उद्या सांगतो. तेवढ्यात बातमी आली, की शिंप्याच्या सासूबाई गेल्या. तागडीने शटर खाली ओढलं आणि आम्ही सगळे तसेच तिकडे गेलो. मशीनं बंद करायचं राहून गेलं.

परत आलो तेव्हा ऊन उतरलं होतं. शटर वर केल्याबरोबर प्लास्टिक तापल्याचा वास आला. कपाटाचं काम संपून गेलं होतं. पडद्यावर अख्खा डोंगर, कड्याकपारींसकट, आणि कपाट निवांत. लॅपटॉप अजून निम्म्यातही नव्हता. तागडीने त्याला उचलायला हात घातला आणि चटका बसल्यासारखा मागे घेतला. खालचं मेणकापड फुगून त्याला फोड आला होता.

मी म्हणालो, अरे, हरला की तुझा पैलवान. मी थट्टेने म्हणालो. तो हसला नाही. त्या फोडावर बोट ठेवून मला म्हणाला, काका, तुम्ही घरी जा.

पुढचे काही दिवस त्याने दुकानात जो खेळ मांडला, तो बघवत नव्हता. तेच काम पुन्हा लावायचा. लॅपटॉपखाली खोडरबर ठेवून उंच करायचा. पंखा आणला. आतली धूळ काढली, प्रोसेसरवर गरमी ओढणारा नवा लेप लावला. एकदा तर बर्फाची पिशवी आणली. डॉक्टरने हात टेकलेल्या रोग्याचे नातेवाईक जसे एकेक औषध करून बघतात, तसं चाललं होतं. त्याला लॅपटॉप जिंकायला हवा होता. एकदा, एकदाच जिंकला असता, तरी त्याला जेवण गेलं असतं. पण प्रत्येक वेळी तेच: पहिला चहा होईपर्यंत लॅपटॉप पुढे, आणि मग कपाट आपल्या बेताच्या चालीने, न तापता, न थांबता, त्याला मागे टाकून निघून जायचं. बायको दारात उभी राहून बघत होती. ती टोमणा मारेल असं मला वाटलं. तिने पंखा बंद केला आणि म्हणाली, "आता तिच्याकडे जाऊन या."

तो गेला, पण रिकाम्या हाताने नाही. कपाट घेऊन. तिला दाखवायचं होतं. माणसाला तोंडाने कबूल करता येत नाही, म्हणून पुरावा न्यायचा. ते धूड धरायला दुसरा माणूस हवा, म्हणून मला बरोबर घेतलं. बसमध्ये खिडकीची जागा कपाटाला मिळाली. मी आणि तागडी उभे. कंडक्टर म्हणाला, यांना तिकीट लागेल. तागडी म्हणाला, द्या. मी एरवी असा मोका सोडला नसता, त्या दिवशी सोडला.

धाकटीचं घर दुसऱ्या मजल्यावर, दोन खोल्या, स्वच्छ. ती कामावरून यायची होती. आई एकटीच. आईला आता नीट आठवत नाही. काही जुन्या गोष्टी तेवढ्या पक्क्या बसल्या आहेत, बाकी सगळं पाण्यासारखं वाहून जातं. मुलाला पाहून तिला आनंद झाला. आम्ही कपाट भिंतीशी ठेवलं. ती म्हणाली, हिला अजून यायला उशीर आहे. मग मला समजावून सांगितलं, "तिला सगळीकडे उशीरच होतो हो. हात हळू आहे तिचा. दादाच म्हणतो."

तागडी आईच्या पायाशी बसला होता. तो उठून खिडकीशी गेला आणि आमच्याकडे पाठ करून उभा राहिला.

धाकटी आली. केस थोडे पिकलेले, अंगावर फरशीच्या दुकानाचा करडा कोट. दुकानात ती गिऱ्हाइकांना पडद्यावर तयार न्हाणीघरं दाखवते. घर तयारच असतं, हिने फक्त फरशी बदलायची, निळी, हिरवी, ठिपक्यांची. तिने कपाट पाहिलं आणि ते काय आहे ते तिला लगेच कळलं. दादाने पुराव्याचं भाषण सुरू केलं. डोंगराचे फोटो, मेणकापडाचा फोड, बर्फाची पिशवी, सगळं सांगितलं. ती कोट न काढता ऐकत होती. शेवटी तो म्हणाला, "मशीन तापत होतं गं. मला कळलंच नाही. तू बोलली का नाहीस?"

"बोलले होते," ती म्हणाली. "तू किटलीकडे बघत होतास."

मग खुर्चीवर बसून चपलांचे बंद सोडता सोडता ती सहज सांगावं तसं म्हणाली, की दोष मशीनचा आहे हे पहिल्या दिवसापासून तिला माहीत होतं. पण समोर दुकान उघडलेलं, दादाची सगळी पत त्या किटलीवर. तिचं एक काम गेलंच होतं, त्याच्यात दादाचं दुकान कशाला घालवायचं? म्हणून लोकांना सांगत गेली, हात हळू आहे. "पहिले काही महिने मी खोटं सांगत होते," ती म्हणाली. "मग इतक्या जणांना सांगितलं दादा, की मलाच ते खरं वाटायला लागलं. पेन्सिल उचलली की आधी तेच आठवायचं."

मी कपाटाला बांधलेली दोरी सोडायला लागलो.

तागडीने तिला विचारलं, ती फिल्म आहे का अजून. होती. अशी माणसं टाकत नाहीत. त्याने कपाट जोडलं, तिने फायली काढल्या, आणि वाचनालय जिथे दारात थांबलं होतं तिथून पुढे चालू केलं. ते आता घटकाभराचं काम नव्हतं. आम्ही मुक्कामाला राहिलो. दुसऱ्या दिवशीही चालू होतं. धाकटी कामावर गेली, आली. आवाज तोच, एकसुरी. आईने एकदा विचारलं, पाणी कुठे चढवताय? तिसऱ्या दिवशी धाकटीची सुट्टी होती. त्या दुपारी कपाट थांबलं.

आम्ही चौघे बसलो. फाटक आलं, पायऱ्या आल्या, जिना आला. दार उघडलं. आत ऊन होतं. उंच खिडक्यांतून लांबच लांब टेबलांवर पडलेलं, पुस्तकांच्या पाठींवर, रिकाम्या खुर्च्यांच्या हातांवर, आणि जसजसं आपण पुढे जावं तसतशा झाडाच्या सावल्या जमिनीवर हलत होत्या. एका खुर्चीवर कोणीतरी चष्मा विसरून गेलं होतं. तो पाहून मला हसू आलं. गावातलं वाचनालय कधीच बांधून झालं आहे, दुसऱ्याच्या आराखड्याचं. त्याच्यात भर दुपारी दिवे लावून बसावं लागतं.

"किती छान आहे," आई म्हणाली. "कोणी केलं?"

"हिने केलं, आई," तागडी म्हणाला.

आईने मान हलवली. "हिने? छे रे. हिचा हात हळू."

"नाही आई. तिचा हात हळू नव्हता. मी चुकीचं बोललो होतो."

"बरं," आई म्हणाली. थोड्या वेळाने तिने पुन्हा विचारलं, कोणी केलं, आणि तागडीने पुन्हा सांगितलं. त्या दुपारी हे किती वेळा झालं, ते मी मोजलं नाही. धाकटी पडद्याकडे बघत होती. तिने फिल्म पुन्हा लावली नाही.

निघताना तागडी म्हणाला, मशीन तुझ्याकडेच राहू दे, संध्याकाळी काहीतरी करत जा. ती म्हणाली, घेऊन जा. दिवसभर फरश्या दाखवून डोळे राहत नाहीत, आणि इथे जागाही नाही. रागाने म्हणाली नाही. राग असता तर बरं झालं असतं. राग असला की माणूस पुढे काहीतरी करून दाखवतो. तिने बसथांब्यापर्यंत येऊन कपाटाला एका बाजूने हात लावला, आम्हाला चढवून दिलं, आणि बस हलल्यावर वळली.

तेव्हापासून किटली माळ्यावर आहे. कोणी दोन मशीनं शेजारी लावायला सांगितली, तर तागडी आधी विचारतो, तुमचं काम किती वेळ चालतं? मग म्हणतो, ठेवून जा, परवा या. परवा यायला कोणाला वेळ आहे? बरेचसे समोरच्या काचेत जातात. चष्मेवाला बाकावर येईनासा झाला, चहा नाही म्हणून. मी येतो. कपाट दाराशी आहे, त्याच्यावर विक्रीची चिठ्ठी नाही. गल्लीत अजून कोणी धाकटीचं नाव काढून हळू हाताचं बोललं, की तागडी काम टाकून बाहेर येतो आणि सगळं पहिल्यापासून सांगतो. लोक ऐकून घेतात. हो हो म्हणतात. पुढच्या वेळी पुन्हा तेच बोलतात, कारण तापणाऱ्या मशीनची गोष्ट लांबलचक आहे, आणि हळू हात दोनच शब्दांचा.

दर रविवारी तो आईला फोन करतो. मी बाकावर असतो, तेव्हा ऐकू येतंच. पाऊसपाणी, औषधं, गुडघे होतात. मग तो म्हणतो, "आई, तिचा हात हळू नव्हता."

पलीकडून आई म्हणते, "बरं. तू जेवलास का?"